ऑक्टोबरातला नमुना

“दिसले का भाऊ?”

मी आतल्या खोलीचं दार लोटून बाहेर आलो, तसा उकंडा गावंडे बाकावरून उठून उभा राहिला. तेरा महिन्यांत हा प्रश्न त्यानं मला तेरा वेळा विचारला होता आणि प्रत्येक वेळी मी नुसती नकाराची मान हलवली होती. सुरुवातीला तो “बरं” म्हणायचा. पुढं पुढं काही न बोलता टोपी डोक्यावर ठेवून निघायचा. त्या शनिवारी मात्र टोपी हातातच होती. तिची घडी घालत होता, उलगडत होता.

“दिसले,” मी म्हणालो.

“आँ?”

“दोन-चार दिसले. फार नाहीत, पण दिसले.”

उकंडा खाली बसला. बाकावर नाही, तिथंच फरशीवर. त्याचे पाय तसेही वर्षभर धड नव्हते. बसला की उठायला भिंतीचा आधार लागायचा. 

“जिते होते?”

“हलत होते.”

“पंचफुलाले सांगू?”

“सांगा की.”

त्यानं माझ्या पायांकडं हात नेला. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी मागं सरकलो, म्हणालो, “अहो, हे काय करता?” मग त्याला उठवलं, दारापर्यंत सोडलं, कार्डावर तारीख घातली आणि ‘दोन ते चार’ असं लिहून टाकलं. दसरा होऊन चार दिवस झाले होते. साल शहाऐंशी.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. बी.एस्सी. करून या केंद्रात चिकटलो होतो. केंद्र म्हणजे कापूस बाजाराच्या मागं भाड्यानं घेतलेल्या तीन खोल्या. एकीत डॉक्टर खानझोडे बसायचे, एकीत मी आणि माझा मायक्रोस्कोप, आणि तिसरीला आतून कडी. त्या खोलीत पुरुष एकेकटे जायचे आणि झाकण लावलेली काचेची बाटली घेऊन, मान खाली घालून बाहेर यायचे.

सरकीत एक पिवळं द्रव्य असतं. त्यापासून पुरुषांसाठी गोळी तयार होते का, ती किती चालते, हे पाहायचं काम आमच्याकडं होतं. माणसं आम्ही कापसाच्या जिनिंग कारखान्यातून मिळवली. आणीबाणीतली नसबंदी लोक विसरले नव्हते. उकंडाच्या थोरल्या भावाला, पुंडलिकला, बाजारातून ट्रकमध्ये घालून नेलं होतं. ऑपरेशन म्हटलं की माणसं उठून जायची. गोळी म्हटल्यावर बसली.

खानझोडे सरांनी त्यांना जिनिंगच्या आवारात, रुईच्या गाठींवर बसवून समजावलं होतं. “बायकांच्या गोळीत हार्मोन असतात. यात नाहीत. तुमचा आवाज, मिशी, अंगातली ताकद, नवरा-बायकोचा संसार, सगळं जिथल्या तिथं राहणार. बीज जिथं तयार होतं, फक्त तिथंच ही गोळी काम करते. गोळी बंद केली की चार-सहा महिन्यांत सगळं पूर्ववत.”

मागून एक म्हातारा हमाल म्हणाला, “साहेब, सरकीची ढेप जादा झाली की आमचा गोऱ्हाही गाय फळवत नाई.”

सगळे हसले. सरही हसले. “म्हणजे तुम्हाला माझ्याआधीच ठाऊक होतं तर!”

उकंडा पुढंच बसला होता. त्यानं विचारलं, “मंग त्या गोऱ्ह्याचं पुढं काय होते, साहेब?”

“ढेप बंद केली की होतो ठीक.”

“काही होतात,” म्हातारा म्हणाला. “जे नाई होत त्यायले औताले जुंपतात.”

पुन्हा हशा झाला. त्या दिवशी एकवीस जणांनी नावं दिली. दोन मुलं हयात असावीत आणि बायकोची संमती असावी, अशी अट होती. उकंडाला शकुन आणि दिलीप अशी दोन होती. पंचफुला अंगठा द्यायला आली तेव्हा दोघांना घेऊन आली होती. दिलीपनं माझ्या टेबलावरची काचपट्टी डोळ्याला लावून बापाकडं पाहिलं होतं.

गोळीनं काम केलं. पहिल्या महिन्याला भिंगाखाली नेहमीसारखी गर्दी. दुसऱ्या महिन्यात त्यांचं पळणं मंदावलं, शेपट्या आखडल्या, काही जागच्या जागी थरथरत राहिले. तिसऱ्या महिन्यात शेपटीपासून सुटलेली डोकी नुसती पडलेली. चौथ्या महिन्यात काही नाही. स्वच्छ, रिकामं मैदान. सर माझ्या खांद्यावरून वाकून बघायचे आणि खूश व्हायचे. उकंडानं दीड वर्ष एक दिवस न चुकवता गोळी घेतली. मध्येच त्याच्या मांड्यांत गोळे यायला लागले, जिना चढवेना. रक्तातलं पोटॅशियम उतरलं होतं. आम्ही त्याला औषध दिलं, वर केळी खायला सांगितलं.

पंच्याऐंशीच्या श्रावणात त्यांच्या गावाची विहीर पुराच्या पाण्यानं भरली. घरोघर हगवण-उलटी लागली. शकुन सकाळी गेली, दिलीप दिवे लागायच्या वेळी. दोघांमध्ये दहा तासांचंही अंतर नव्हतं.

बाराव्या दिवसानंतर उकंडा केंद्रात आला. गोळ्यांची अर्धी भरलेली बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

“आता नको, भाऊ.”

मी ती उचलून कपाटात ठेवली. तोच बोलला. “पुंडलिकाच्या पाठची मायची तीन लेकरं गेली होती. मंग मले जल्मल्याबरोबर उकंड्यावर टाकलं अन् शेजारणीनं उचलून आणून मायले परत देल्लं. म्हणून उकंडा. मरण फसते म्हणतात त्यानं.” उकंडा म्हणजे उकिरडा. टोपी उचलत तो म्हणाला, “आमीही आता होईन त्याले उकंड्यावर टाकू.”

म्हणून तो दर महिन्याला यायचा. आणि मी दर महिन्याला मान हलवायचो. बाकीच्या वीस जणांपैकी ज्यांनी गोळी सोडली त्यांचे आकडे सहा-सात महिन्यांत वर आले. उकंडाचे आले नाहीत. मी एकदा सरांना विचारलं, “सर, नाहीच आले तर?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “बाहेरच्या देशांतही काही जणांना आले नाहीत, असं वाचलंय. बीज तयार करणाऱ्या मूळ पेशीच संपत असाव्यात. त्याचे वृषण तपासले मी. आकार बराच कमी झालाय.” मग म्हणाले, “त्याला थांब म्हणावं. माणूस आशेवर जगतो.”

हे सगळं मागचं झालं. त्या शनिवारी मी ‘दिसले’ म्हणालो, आणि जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, उकंडा पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

दारातूनच ओरडला, “भाऊ! चौथा मयना लागला तिले!”

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर हातातली काच मी टेबलावर ठेवली. त्यानं पेढा माझ्या तोंडाला लावला. त्याच्या अंगाला रुईचा वास येत होता आणि तो इतका हसत होता की, मलाही हसावं लागलं. बुढी, म्हणजे त्याची आई, तर देवापुढून उठत नाही म्हणाला. पंचफुलाला पाण्याची घागरसुद्धा उचलू देत नाही म्हणाला.

सर बाहेर आले. त्यांना सांगितल्यावर ते उकंडाहून जास्त खूश झाले. आमच्या केंद्रात हीच एक केस नापास होती. ती पास झाली.

“गावंडे, आजच नमुना देऊन जा. हे लिहून वर पाठवायला हवं. तेरा महिन्यांनंतर पुनरागमन! काळमेघ, ऑक्टोबरची स्लाईड काढून ठेव.”

नियम असा होता की, रिकाम्या मैदानात एक जरी बीज दिसलं, तरी ती काच वाळवून, रंगवून लाकडी पेटीत जपून ठेवायची. मी हो म्हणालो आणि पेटी उघडून उगाच काचा वरखाली करत बसलो.

उकंडा हसत त्या कडीच्या खोलीत गेला. आल्यावर बाकावर बसून बाकीच्यांना पेढे वाटू लागला.

त्या दिवशी नमुना सरांनी स्वतः पाहिला. पहिली काच, दुसरी, तिसरी. मग यंत्रात फिरवून तळाचा गाळ घेतला. एकाचे दोन वाजले. बाहेर पेढे संपले होते. सर उठले, पाठ ताणली आणि दार उघडून उकंडाला आत बोलावलं.

“काही नाही,” सर म्हणाले. “एकही नाही.”

उकंडा हसत होता, तो हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून माझ्याकडं बघायला लागला.

“पन तिले तर दिवस हाय, साहेब.”

“हे बघ, गावंडे. काहींच्या बाबतीत असं होतं. एखाद्या महिन्यात थोडे येतात, पुन्हा जातात. ऑक्टोबरात खरंच आले असतील तर हे मूल तुझं असू शकतं. एकदा दिसले असले तरी पुरे.” सर माझ्याकडं वळले. “काळमेघ, स्लाईड?”

मी पेटीला हात लावला नाही.

“स्लाईड नाही, सर.”

“का नाही? ‘दोन ते चार’ लिहिलंयस तू. पाहिलेस ना?”

खोलीत आम्ही तिघंच होतो. भिंतीवरच्या पंख्याची किरकिर मला आजही ऐकू येते.

“नाही, सर,” मी म्हणालो. “दिसले नव्हते. तेरा महिने तो विचारत होता. मला वाईट वाटलं. त्याला बरं वाटावं म्हणून बोललो.”

सर माझ्यावर चिडले. इंग्रजीत काहीबाही बोलले, कार्ड ओढून घेतलं आणि तो आकडा खोडून शून्य केला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी उकंडाकडं बघत होतो. तो शिव्या देईल, अंगावर येईल, असं मला वाटलं. त्यानं काही केलं नाही. टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली.

“दसऱ्याले बुढीनं तिले नेलं होतं,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. “त्या महाराजाच्या मठात. दोन रोज. लेकरू होते म्हणून.”

मग भिंत धरत धरत तो निघून गेला.

एप्रिलमध्ये, अकराच्या उन्हात, पंचफुला आली. एकटीच. काखेत बोचकं, पोट सातव्या महिन्याचं. ओठ कोरडे पडले होते. मी माठातलं पाणी दिलं, ते तिनं उभ्यानंच प्यायलं आणि मग बाकाच्या कडेला टेकली. सर त्या दिवशी बैठकीला गेले होते.

“घरून निघाली मी,” ती म्हणाली. “भावाकडं चालली. बस दोन वाजता हाय. म्हटलं, तुमाले एक इचारून जावं.”

“वहिनी, मी...”

“मारलं नाई त्यायनं मले. बोट नाई लावलं. तीन मयने झाले, माह्या हातची भाकर खात नाई. सोता थापतात, सोता खातात. रात्री वसरीत झोपतात. काल म्हणे, तू जाय आता, लोकायले मी काही सांगणार नाई.” तिनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. “मी मठात बुढीच्या अंगाले लागून झोपली होती, भाऊ. दोनी रात्री. बुढीले ठाऊक हाय. पन बुढीही आता बोलत नाई.”

मी तिचा रिकामा पेला माठावर पालथा ठेवला.

“तुमी त्यायले पयले म्हटलं, दिसले. मंग म्हटलं, नाई दिसले. मले अक्षर येत नाई. मले येवढंच सांगा, तुमाले दिसले होते का नव्हते? जे असन ते. मी काही म्हणणार नाई तुमाले.”

तिनं पुन्हा “भाऊ?” म्हटलं.

आणि मग मी ते बोललो, जे आजवर कोणापुढं बोललो नव्हतो, सरांपुढंही नाही.

“वहिनी, मी पाहिलंच नाही.”

तिला समजलं नाही. समजेल तरी कसं? मी तिला सगळं सांगितलं. त्या शनिवारी मला मुलगी पाहायला जायचं होतं, कारंज्याला. साडेबाराची बस होती. इस्त्रीचा शर्ट खुंटीला लावून ठेवला होता. उकंडा बारा वाजता बाटली घेऊन आला. मी बाटली घेऊन आत गेलो, दार लावलं. तेरा महिने त्या माणसाची काच मी पाहिली होती आणि तेरा महिने तिच्यात काही नव्हतं. चौदाव्यांदा काय असणार? मी नमुना मोरीत ओतला, वर पाणी सोडलं, शर्ट बदलला आणि बाहेर आलो. आणि त्यानं विचारलं, दिसले का. नाही म्हणायला त्या दिवशी तोंड झालं नाही. मी लग्नाची मुलगी पाहायला निघालो होतो. मला सगळ्या जगाला काहीतरी चांगलं सांगावंसं वाटत होतं.

“मंग साहेबायनं इचारलं तवा?”

“तेव्हा मी म्हणालो, दिसले नाहीत. दया आली म्हणून खोटं बोललो, एवढं कबूल करून नोकरी वाचत होती. पाहिलंच नाही म्हणालो असतो तर गेली असती.”

पंचफुला उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता; तो असता तर मला सोसला असता. तिथं आशा होती.

“म्हणजे असतीन,” ती म्हणाली. “त्या रोजी असतीन त्याच्यात!”

“असू शकतील.”

“चला मंग. त्यायले सांगा हे. आत्ता चला, भाऊ.”

केंद्राला कुलूप लावून मी तिच्याबरोबर निघालो. एस.टी.त ती खिडकीशी बसली होती आणि पूर्ण वाटभर तिच्या हाताखाली पोट हलत होतं. मध्येच ती म्हणाली, “लाथा मारून रायलं.” त्या दिवशी ती हसली ती तेवढीच.

उकंडा वसरीत खाटेच्या सुंभाला पीळ देत बसला होता. जिनिंगनं त्याला कमी केलं होतं. पाय उभं राहू देत नव्हते. आम्हाला पाहून त्यानं सुंभ खाली ठेवला नाही. बुढी आत चुलीपाशी होती, बाहेर आली नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. काही लपवलं नाही. मुलगी, बस, मोरी, सगळं. तो सुंभ वळत ऐकत होता. माझं संपल्यावरही वळत राहिला.

“पयले म्हणले दिसले,” तो शेवटी म्हणाला. “मंग म्हणले दिसले नाई. आता म्हणता पायलंच नाई. काळमेघ भाऊ, मी यातलं कोणतं खरं धरू?”

“हे खरं आहे. आताचं.”

“तवाही तुमी असंच म्हणले होते.”

“उकंडाभाऊ, शपथ घेतो. आईची घेतो. मी का खोटं बोलू? माझी नोकरी जाईल यात.”

“तुमी लय दयाळू आहात,” तो म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. “मले बरं वाटावं म्हणून तवा बोलले. आता हे रडत आली असन तुमच्याकडं. पोटुशी बाई पाहून कोनाले दया नाई येणार?”

“पुन्हा नमुने द्या. दर आठवड्याला द्या. एखाद्या वेळी दिसतील, मी सरांना दाखवीन.”

“आज दिसले तरी त्या रोजचे थोडेच दिसतीन?”

“मूल झाल्यावर रक्तगट तपासता येतो. जुळला नाही तर...”

“अन् जुळला तर?”

 जुळला तर काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक होतं आणि माझ्या गप्प राहण्यावरून ते त्यालाही कळलं.

पंचफुला दारात बोचकं घेऊन उभी होती. ती पुढं आली, त्याच्यासमोर खाली बसली. “पाहा इकडं,” ती म्हणाली. “शकुनची आन. दिलीपची आन. तुमचंच हाय.”

मेलेल्या लेकरांची नावं ऐकल्यावर उकंडाचे हात थांबले. त्यानं तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं, झालं. आता हा हात पुढं करेल. चुलीपाशी बुढीचं भांडं वाजलं आणि तेही थांबलं.

“मले पायजे होतं,” तो म्हणाला. “तुले काय सांगू पंचफुला, मले किती पायजे होतं. मी तर पेढे वाटले.” त्यानं सुंभ बाजूला ठेवला. “पन त्याले मांडीवर घेतलं की मले दर वेळी ते कार्ड दिसन. मी लेकराच्या तोंडाकडं पाहीन अन् मठातला तो मानूस शोधत राहीन. मंग एक रोज त्या लेकराले समजन, आपला बाप काय शोधते ते. त्याच्यापेक्षा तुह्या भावाकडं वाढू दे.”

“मी सांगतो ना...” मी म्हणालो.

“तुमी आता काही सांगू नका, भाऊ,” तो म्हणाला. “बस येईन. तिले घेऊन जा.”

फाट्यावर सावली नव्हती. पंचफुला बोचक्यावर बसली. बस आली तेव्हा मी तिला हात देऊ केला. तो न धरताच ती चढली. मला तिकिटाचे पैसेही देऊ दिले नाहीत तिनं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना खरं सांगितलं. सर म्हणाले, “कार्डावर शून्य आहे, शून्य राहू दे. आता बदललं तर बाकीच्या वीस कार्डांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.” वर पाठवलेल्या अहवालात उकंडा ‘पूर्ववत न झालेला – एक’ म्हणून गेला. पुढच्या वर्षी केंद्र बंद पडलं. गोळी कधी बाजारात आली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो. कारंज्याच्या मुलीशी माझं लग्न झालं. ती आजही मला विचारते की, मुलांच्या वहीत शून्य देताना तुमचा हात इतका का अडतो, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

पंचफुलाला मुलगी झाली, नऊ जुलैला. मी बोटांवर मागं मोजत गेलो. पुन्हा पुन्हा मोजलं. दर वेळी दसऱ्याशी येऊन थांबायचो. मठातल्या रात्रीही त्याच आठवड्यात होत्या आणि मी मोरीत ओतलेला नमुनाही.

त्र्याण्णव साली उकंडा गेला. शेवटची दोन वर्षं तो उठू शकत नव्हता. मला बातमी मिळाली ती जिनिंगमधल्या एका माणसाकडून, चौथ्या दिवशी. मी विचारलं, पंचफुलाला कळवलं का? तो म्हणाला, पुंडलिक म्हणे, तिला कशाला कळवायचं, तिचा काय संबंध?

म्हणून मी गेलो. तिच्या भावाचं गाव पलीकडच्या तालुक्यात. पंचफुला निंदणाहून आली होती, अंगणात पाय धूत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सहा वर्षं ती ते लावत होती.

मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. “भाऊ, तुमी?”

“वहिनी, उकंडाभाऊ गेले. सोमवारी.”

तिनं तांब्या खाली ठेवला. “आजारी होते?”

“पाय गेले होते. मग छाती.”

“पानी कोन पाजत होतं त्यायले?”

“बुढी होती तोवर बुढी. नंतर शेजारचे.”

तिनं मान हलवली. इतक्यात घरातून एक मुलगी पळत आली. हातात कच्ची कैरी, फ्रॉकची एक बाही उसवलेली. सहा वर्षांची असेल. ती आईला बिलगून माझ्याकडं बघायला लागली. मी तिच्याकडं पाहिलं. पाहायचं नव्हतं, पण पाहिलं. नाक पाहिलं, भुवया पाहिल्या, कानाची पाळी पाहिली. उकंडाचा चेहरा आठवायला लागलो, आणि मला आठवला तो फक्त त्याचा पेढा देणारा हात.

पंचफुलानं मुलीचं तोंड पदराखाली ओढून घेतलं.

“तिचं तोंड नका पाहू, भाऊ,” ती म्हणाली. “गावातले सारे तेच पायतात. तुमी तरी नका पाहू.”

मी मान वळवली. ती वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि कपाळावर घासलं. पहिल्या घासण्यानं कुंकू निघालं नाही, नुसतं पसरलं. तिनं पुन्हा पाणी घेतलं. लाल ओघळ नाकावरून खाली आला. पदरातून डोकं काढून मुलगी ते बघत होती.

“माय, काहून पुसतं?”

“घाम आला, बाई,” पंचफुला म्हणाली आणि पुसत राहिली.